डोरीनबाईंच्या ताटाची डावी बाजू

आमच्या घरात रविवारी ओव्हन तापायला लागला की माझ्या नाकाच्या शेंड्याला आपोआप झिणझिण्या येतात. मुक्ता, म्हणजे माझी मुलगी, स्वयंपाकघरातून ओरडते, "बाबा, रिलॅक्स, इट्स ओन्ली पटेटोज!" तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की मात्र इंग्रजी. बटाट्यांबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. तक्रार आहे ती त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका पांढऱ्या पदार्थाबद्दल, आणि ती सांगायची तर परदेशात, वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावातल्या त्या लाकडी घरात परत जायला हवं. तिथे मी विद्यार्थी म्हणून राहिलो, तिथेच पहिल्यांदा स्वतःचे मोजे स्वतः धुतले आणि तिथेच, आमच्या अख्ख्या शाकाहारी खानदानात पहिल्यांदा, बैलाच्या पाठीला मोहरी चोळली.

घर डोरीनबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, ताठ, इंग्लंडात जन्मून नवऱ्याबरोबर बोटीने इकडे आलेल्या. नवरा मागेच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून मागची खोली त्यांनी भाड्याने दिली होती आणि त्या खोलीबरोबर मीही त्यांच्या पदरात पडलो. "मला डोरीन म्हण," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ अडखळायची, म्हणून तोंडाने 'डोरीन' म्हणून झालं की मी मनातल्या मनात 'बाई' जोडून टाकायचो. त्यांनी मात्र असली काही भीड ठेवली नाही. अनिरुद्धचं त्यांनी चहा गाळेपर्यंत ॲन्डी करून टाकलं. त्या घराला सतत काहीतरी म्हणायचं असायचं. वारा सुटला की पत्रा कुरकुरायचा, रेडिओ सकाळपासून कुणाशीतरी हवामानावर वाद घालायचा, वेलिंग्टनची गाडी गेली की कपाटातल्या बशा किणकिणायच्या आणि डोरीनबाई म्हणायच्या, "उशिरा आहे आज." घड्याळाकडे न बघता. मला वाटायचं, काय ही इंग्रजी शिस्त! मग एकदा मी दारात उभा असताना त्यांनी मला ओलांडून कोटांच्या स्टँडला "गुड मॉर्निंग, ॲन्डी" म्हटलं, आणि शिस्तीचं गुपित फुटलं.

त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे कडेकडेचं दिसायचं, मधोमध नुसता धुरकट डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. "तुझे कान बरे आहेत," त्या मला म्हणाल्या, "बाकीचं मी धरून चालते." डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता सुधारणार नाही. पण डॉक्टर गप्प राहू शकतो, बहीण नाही, असं त्यांचं मत होतं. धाकटी बहीण मार्जरी टाउरांगाला राहायची, आणि तिथे तिच्या घराच्या पलीकडच्याच गल्लीत एक रेस्ट होम, म्हणजे वृद्धाश्रम, होता. "तिला कळलं ना, की महिन्याभरात हे घर विकलेलं असेल आणि मी खिडकीशी बसून बिंगो खेळत असेन. आकडे न दिसता." एवढं बोलून त्यांनी माझा हात धरला. वर्षभरात त्यांनी मला हात लावण्याची ती पहिलीच वेळ. "तू बोलायचं नाहीस." मी कशाला बोलतोय! मुळात मीच तिथून सटकायच्या बेतात होतो. पुण्याच्या तीन मित्रांनी वेलिंग्टनमध्ये कॉलेजजवळ फ्लॅट बघितला होता, चौथी खोली माझी, मी 'हो' म्हणूनही बसलो होतो. फक्त ते डोरीनबाईंना सांगायला योग्य क्षण सापडत नव्हता. योग्य क्षण शोधणं हा माझा जुना व्यवसाय आहे. बायको अजूनही म्हणते, की मागणीसुद्धा शेवटी तिलाच घालावी लागली.

तर मार्जरी आणि तिचा नवरा केन दरवर्षी डोरीनबाईंच्या वाढदिवसाच्या रविवारी जेवायला यायचे, आणि जेवण ठरलेलं. इंग्लंडात त्यांची आई करायची तस्सं रोस्ट बीफ, यॉर्कशर पुडिंग, बटाटे, ग्रेव्ही, सगळं यथासांग. त्यात बदल म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय अशी जाहीर कबुली. पण धारदार सुरी, तापलेला ओव्हन, उकळती चरबी आणि मधोमध धुरकट डाग, हे जमायचं कसं? डोरीनबाईंनी आदल्या आठवड्यात मला समोर बसवलं आणि सांगितलं, "डोकं माझं, डोळे तुझे."

माझी पात्रता इथे सांगायला हवी. स्वयंपाक मला शून्य येत होता. कुकरची शिट्टी झाली की मी घाबरून दुसऱ्या खोलीत जायचो. पण वाढण्यात मी तयार होतो. आमच्या नात्यात मुंजी, सत्यनारायण, मंगळागौरी यांची रेलचेल, आणि प्रत्येक पंगतीत पोरांना आधी मिठाची वाटी द्यायची पद्धत, कारण मिठात फार नुकसान करता येत नाही. मिठापासून सुरुवात करून मी लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी बढती घेत भातापर्यंत पोचलो होतो. डावी बाजू, उजवी बाजू मला झोपेत विचारा. ही एवढी एकच विद्या घेऊन मी परदेशी आलो होतो, आणि तिचा इथे काही उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते सुतळीने बांधलेलं प्रकरण ओट्यावर आलं. मी पिवळे रबरी हातमोजे चढवले. विमानतळावर आईने मला जवळ घेऊन कानात सांगितलं होतं, "काय वाट्टेल ते खा, पण ते नको." चोळण्याबद्दल ती काही बोलली नव्हती. मी डोळे मिटून मीठ-मिरपूड आणि मोहरीची पूड चोळायला लागलो. म्हणजे त्या स्वयंपाकघरात दोघं जण एक मांसाचा तुकडा शिजवत होतो, एकीला तो दिसत नव्हता आणि दुसरा त्याच्याकडे बघत नव्हता. "खालच्या अंगालाही," डोरीनबाई म्हणाल्या. त्यांना कसं कळलं देव जाणे.

मग मात्र मला गंमत वाटायला लागली. ती बाई कानाने रांधायची. अर्धे उकडलेले बटाटे झाकण लावून पातेल्यात खडखडवायला सांगितले आणि म्हणाल्या, "अजून. अजून टोकं गोल झाली नाहीत." ओव्हनचं दार उघडायला लावायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. "अजून बडबडतंय. शांत झालं की बाहेर काढू." पुडिंग म्हटल्यावर मी वेलदोड्याची वाट बघत होतो, तर ते निघालं मैद्याचं आणि अंड्याचं पातळ पीठ. ते धूर निघणाऱ्या चरबीत ओतल्यावर असं काही चर्रकन झालं, की मला एकदम आईची फोडणी आठवली आणि मी तोंडाने "झाली!" म्हणून गेलो. डोरीनबाई खूश. "ऐकू येतं तुला," म्हणाल्या. मांसाशेजारी कूमरा होता, म्हणजे आपलं रताळं. आषाढी एकादशीला आमच्याकडे जे पावित्र्याने सोललं जातं, ते इथे बैलाला टेकून निवांत भाजत पडलेलं. मांस बाहेर काढल्यावर त्यावर चांदीचा कागद पांघरून डोरीनबाई म्हणाल्या, "आता त्याला विश्रांती हवी." मी मनात म्हटलं, त्याला आता विश्रांतीच आहे.

इतक्यात पॅसेजमधला फोन वाजला. रविवारी आईचा फोन ठरलेला, तिकडे नुकतं उजाडत असायचं.

"काय करतोयस?"

"स्वयंपाक."

"अगंबाई! तू? काय करतोयस?"

"बटाटे."

"एवढ्यासाठी धापा टाकतोयस? आणि मागे कसला आवाज येतोय?"

"रताळी पण आहेत. अगं, डोरीनबाईंकडे पाहुणे आहेत आज. बहीण आणि मेहुणे."

"मग नुसता उभा राहू नकोस तिथे. वाढायला घे. आणि हे बघ अन्या, परक्या घरी आहेस, आपलं नाव राख. ताट कसं नीट दिसलं पाहिजे. चटणी चमचाभर व्यवस्थित घाल, टिकलीएवढी लावू नकोस, दरिद्री दिसतं."

"हो गं."

"आणि ते नाही ना खात?"

"खात नाही," मी म्हणालो. शब्दाला पक्का माणूस आहे मी.

पाहुणे आले. केन हा गुलाबी, जाडजूड, कशालाही "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', म्हणणारा गृहस्थ. मार्जरीबाई दिसायला डोरीनबाईंसारख्याच, फक्त नजर पोलीस खात्यातली. बेत असा होता की केन स्वयंपाकघरात येऊन मांस कापून देईल, कारण ते दरवर्षी त्याचं काम, आणि नंतर ताटल्या डोरीनबाई भरतील. घरात दुसरं काहीही मला करायला द्यायच्या, पण आपली ताटली त्या कायम स्वतः भरायच्या. का, ते विचारायचं मला सुचलं नव्हतं. केनने पातळ काप पाडले, सुरी पुसली आणि बाहेर गेला. डोरीनबाईंनी झारा हातात घेतला, तोच बाहेरून हाक आली. "डोरीन, इकडे ये आधी! फोटो आणलेत. चहापर्यंत थांबायचं नाहीये मला."

डोरीनबाईंचा चेहरा पडला. फोटो! पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी झारा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "ताटल्या तू भर. नीट भर."

नीट! सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी मला येणारी गोष्ट सांगितली होती. कानात आईचा आवाज ताजा होता. मी हातमोजे काढले आणि त्या चार पांढऱ्याशुभ्र ताटल्यांवर जीव ओतला. वर मधोमध चिमूटभर मीठ. त्याच्या शेजारी लिंबाची फोड, शेजाऱ्यांचं झाड कुंपणावरून आमच्याकडे वाकायचं. मांस मध्ये, भाताच्या जागी. उजवीकडे भाज्या, म्हणजे बटाटे, रताळी आणि पांढऱ्या सॉसमधला फ्लॉवर. ग्रेव्हीला छोट्या वाट्या काढल्या, आमटीसारख्या. पुडिंग दुमडून पोळीच्या जागी. डावी बाजू रिकामी होती. चटणी कुठाय? तेवढ्यात हॉर्सरॅडिशची बाटली दिसली. पांढरं, मऊ, थेट ओल्या नारळाची चटणी. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता, आमच्याकडे नैवेद्याआधी चाखत नाहीत. दरिद्री दिसू नये म्हणून मी प्रत्येकाला चांगला मोठा चमचा, वर पुन्हा थोडी, अशी घसघशीत डावी बाजू वाढली. माझ्या ताटलीत मांस आणि ग्रेव्ही नव्हती, बाकी सगळं तसंच. आजही सांगतो, चार ताटं अशी देखणी दिसत होती की फोटो काढावा.

टेबलावर ताटल्या आल्या तेव्हा केन म्हणाला, "ओहो, हॉटेलसारखं!" मार्जरीबाई लिंबाच्या फोडीकडे बघत राहिल्या. डोरीनबाई फोटोंतून सुखरूप सुटून आल्याच्या आनंदात होत्या. त्यांनी रुमाल मांडीवर घेतला, ताठ बसल्या, बहिणीच्या दिशेने हसल्या आणि काटा सरळ डावीकडे नेला. तेव्हा, काटा अर्ध्या वाटेवर असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई ताटली बघत नाही, ती पाठ आहे! फ्लॉवर कायम डावीकडे. म्हणून तर ती स्वतः भरते. मी तोंड उघडलं, पण हॉर्सरॅडिशचा तो सबंध ढीग पांढऱ्या सॉसमधल्या फ्लॉवरच्या विश्वासाने त्यांच्या तोंडात गेला होता.

ज्यांनी हा पदार्थ, म्हणजे एका जहाल मुळाचा किस, खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिरची जिभेवर भांडते, हा जिभेला विचारतही नाही. नाकातून चढतो आणि कवटीच्या आतून डोळ्यांना धक्के मारतो. डोरीनबाई लाल झाल्या, मग जांभळ्या. डोळ्यांतून धारा लागल्या. पण ती इंग्रज बाई. तोंड मिटलेलं, पाठ ताठ. त्यांनी तो घास चावला, गिळला आणि लांबून आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "लव्हली." मग काटा पुन्हा ताटलीवर आला आणि तसाच अधांतरी राहिला. आता कुठे काय आहे ते त्यांना कळेना. काटा हळूच वर गेला, लिंबाला लागला, मागे आला.

"डोरीन," मार्जरीबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझा बटाटा कुठाय गं?"

घर, बाग, मागची खोली, बिंगो, सगळं त्या एका बटाट्यावर येऊन थांबलं. डोरीनबाई माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या कानाच्या दिशेने वळल्या. आणि मी, योग्य क्षणाची आयुष्यभर वाट बघणारा माणूस, ताडकन म्हणालो, "आमच्यात अशीच पद्धत आहे! आधी डावी बाजू संपवायची. सगळी. डोरीन माझ्यासाठी करताहेत." एवढ्याने पटेना म्हणून मी माझा ढीग उचलला आणि तोंडात टाकला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझ्या कपाळात खिळा ठोकत होतं. पाण्यातून दिसावं तसं मला दिसलं, की केन, तो भला माणूस, आमच्या पद्धतीचा मान राखायला म्हणून "फेअर इनफ" म्हणत स्वतःचा ढीग काट्यावर घेतोय. मी नको नको म्हणून हात हलवले, तो आभार मानत "कीया ओरा, मेट" म्हणाला आणि गिळता झाला. मग आम्ही तिघं, तीन दिशांना तोंडं करून, मूकपणे रडत बसलो. कोरड्या डोळ्यांची एकच व्यक्ती टेबलाशी होती. तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "ॲन्डी, तिला दिसत नसेल तर तसं सांग. केनला मारू नकोस."

जेवण त्यानंतर नीट पार पडलं. मी डोरीनबाईंच्या ताटलीशी वाकून "उजवीकडे बटाटे, मध्ये मांस" असं सांगत होतो आणि त्या मान हलवत होत्या. भांडी धुवायला मी आत गेलो तर मार्जरीबाई फडकं घेऊन शेजारी उभ्या. "मघाशी मी तिला आमच्या कुत्र्याचा फोटो दाखवला," त्या बशी पुसत म्हणाल्या, "आणि विचारलं, नातू कुणावर गेलाय? म्हणाली, केनवर." मला हसू आवरेना. त्यांनाही आवरलं नाही, पण हसता हसता त्यांनी फडक्याने डोळे पुसले, आणि त्यांनी तर हॉर्सरॅडिश खाल्लंही नव्हतं. "मी तिला न्यायलाच आले होते," त्या म्हणाल्या. "खोली ठरवून ठेवलीय. तिला इथे एकटीला कशी सोडू? तूच सांग." मी एक पातेलं गरजेपेक्षा बराच वेळ घासलं. मग त्यांनी विचारलं, "तू इथे राहणार आहेस का अजून?"

वेलिंग्टनचा फ्लॅट. चौथी खोली. सकाळी दहा मिनिटं जास्त झोप. बाहेरच्या खोलीतून डोरीनबाईंचा आवाज आला, त्या केनला सांगत होत्या की गाडी आज वेळेवर आहे.

"हो," मी म्हणालो. "पदवी मिळेपर्यंत तरी. नंतर नोकरी कुठे लागते बघू."

मार्जरीबाईंनी बशी कपाटात ठेवली. तशाच बाहेर गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डोरीन, मांस या वर्षी जरा जास्तच शिजलं."

"अजिबात नाही!" डोरीनबाई कडाडल्या. मग दोघी बहिणी ते मांस आतून गुलाबी होतं की नव्हतं यावर चहा गार होईपर्यंत भांडल्या, एकीला ते दिसलं नव्हतं तरी. टाउरांगाचा विषय कुणी काढला नाही. पाहुणे गेल्यावर डोरीनबाई मला म्हणाल्या, "बटाटे आवडले ना तुला? तीनदा घेतलेस. मांसाच्याच चरबीत भाजले होते, म्हणून चव." आईच्या पुढच्या फोनला मी हवामानाबद्दल सविस्तर बोललो.

मित्रांना मी नाही कळवलं, त्यांनी मला वेड्यात काढलं. डोरीनबाईंना फ्लॅटचं कधी सांगितलंच नाही, योग्य क्षण आला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी रिकामी ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमची पद्धत सांग. सगळी. वरून सुरू कर." मी त्यांचं बोट धरून ताटलीच्या कडेने फिरवलं. इथे मीठ, इथे लिंबू, ही डावी बाजू, ही उजवी. दोन दिवसांत त्यांना पाठ झालं. त्या घरात पुढे मी राहिलो तोवर वरण-भात असो की मटण, मीच वाढायचो आणि आईला अभिमान वाटावा असं वाढायचो. आणि डोरीनबाई रुमाल मांडीवर घ्यायच्या, ताठ बसायच्या, आणि काटा डावीकडे नेण्याआधी, दर जेवणाला, न चुकता, ताटलीवर वाकून त्या बाजूचा वास घ्यायच्या.